उसाची नोंद आणि मताची नोंद



लागण झाली की आपण गट ऑफिसात जाऊन उसाची नोंद लावतो. गट नंबर, क्षेत्र, उसाची जात, लागणीची तारीख, सगळे डोळ्यांत तेल घालून तपासतो. स्लिपबॉयने एक आकडा चुकवला तर रात्री त्याच्या घरी जाऊन तो दुरुस्त करून घेतो. कारण नोंद मागे पडली की तोड मागे पडते, आणि तोड मागे पडली की काय होते ते एप्रिलच्या उन्हात तुरे आलेल्या उसाच्या बांधावर उभे राहिलेल्याला विचारावे. मताच्या नोंदीचे मात्र आपण "असंल की नाव यादीत" एवढ्यावर सोडून देतो.

मीही त्यातलाच होतो. एका विधानसभेला सकाळी सात वाजता धुतलेले धोतर नेसून शाळेत गेलो. यादीत धाकट्या भावाचे नाव होते, तीन वर्षांपूर्वी वारलेल्या वडिलांचे होते, माझे नव्हते. खोलीतले गुरुजी ओळखीचे. म्हणाले, "काका, तुम्ही तुम्हीच आहात हे मला ठाऊक आहे, पण यादीत नसाल तर माझा इलाज नाही." चहा पाजून परत पाठवले. त्या दिवशी मला राग गुरुजींचा आला होता. पुढे कळले की कच्ची यादी चावडीवर लागली होती तेव्हा मी फिरकलोसुद्धा नव्हतो.

ही जुनी गोष्ट आज काढण्याचे कारण जरा लांबचे आहे. २०२२ च्या ऑक्टोबरात मी पुतण्याकडे अमेरिकेत महिनाभर राहून आलो. तो मिनेसोटा राज्यात मूरहेड नावाच्या गावी असतो. गावाला लागून रेड नावाची नदी आहे, ती उत्तरेकडे वाहते. नदीच्या अलीकडे मूरहेड, पलीकडे फार्गो. पलीकडचे राज्य वेगळे, नॉर्थ डकोटा. आणि सभासदांना ऐकून बरे वाटेल, मूरहेडमध्ये शेतकऱ्यांच्या मालकीच्या सहकारी साखर कारखान्याची कचेरी आहे. अमेरिकन क्रिस्टल शुगर कंपनी हे तिचे नाव. मूळची कंपनी १८९९ सालची, खाजगी. १९७३ साली बीट पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी ती विकत घेतली. आपल्याकडे प्रवरानगरला शेतकऱ्यांनी माळरानावर कारखाना उभा केला, तिकडच्यांनी चालता कारखाना घेतला, एवढाच फरक. आज नदीच्या दोन्ही तीरांवर मिळून त्यांचे पाच कारखाने आहेत.

बीट म्हणजे आपल्या भाजीतले लाल बीट नव्हे. पांढरट, मुळ्यासारखे, एकेक किलो-दीड किलोचे कंद. एक ऑक्टोबरला मुख्य काढणी सुरू होते आणि मग रात्र म्हणत नाहीत की दिवस. जमीन गोठायच्या आत सगळा माल बाहेर काढायचा असतो. उकाडा झाला तरी काढणी थांबवतात, कारण गरम कंद ढिगात सडतो. नंतर थंडीत उघड्यावरच ते ढीग गोठून राहतात आणि कारखाना मे महिन्यापर्यंत चालतो. ट्रकवर ड्रायव्हर म्हणून माणसे कुठून कुठून येतात, गाडीतच राहतात. आपल्या हंगामाची आठवण यावी असाच सगळा प्रकार.

आणि ऐन त्या काढणीच्या मागेच निवडणूक. तिला ते मध्यावधी म्हणतात. आपण मध्यावधी म्हटले की १९७१ ची लोकसभा किंवा १९८० ला पुलोद सरकार बरखास्त झाल्यावरची विधानसभा आठवतो, म्हणजे मुदतीआधी झालेली निवडणूक. त्यांच्याकडे तसे नाही. राष्ट्राध्यक्षाची मुदत चार वर्षांची, तिच्या मध्यावर दोन वर्षांनी जी ठरलेली निवडणूक येते ती मध्यावधी. तारीख कुणी जाहीर करावी लागत नाही. नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार: २०२२ साली ८ नोव्हेंबर, २०२६ साली ३ नोव्हेंबर. हा मंगळवारही शेतकऱ्यांमुळे पडला असे सांगतात. १८४५ साली कायदा झाला तेव्हा देश शेतीवर जगणारा. सुगी उरकलेली असावी, थंडी फार नसावी. रविवारी देवळात जायचे, बुधवारी बाजार, म्हणून सोमवारी घोडागाडी जुंपून मंगळवारी मत द्यायचे. आता गंमत अशी की त्या दिवशी देशभर सुट्टी नसते. मिनेसोटात तेवढा कायदा आहे की मत द्यायला जाऊन येण्याचा वेळ मालकाने पगार न कापता द्यावा.

पुतण्या काही वर्षांपूर्वी तिथला नागरिक झाला. (नुसता राहण्याचा परवाना असलेल्याला मत नाही. ज्या सभासदांची मुले तिकडे आहेत त्यांनी हे मुलांना सांगावे, चुकून नोंद केली तरी मोठी भानगड होते. आणि जो तिकडचा नागरिक झाला त्याचे आपल्या गावच्या यादीतले नाव कमी करायला पाहिजे. आमच्या पुतण्याचे मी परत आल्यावर केले.) तर तिकडची रीत अशी. नागरिक असावा, मतदानाच्या दिवशी अठरा वर्षे पूर्ण असावीत, आणि त्या राज्यात वीस दिवस राहिलेला असावा. २०२२ साली तरी नोंद आपण स्वतः करायची होती. घरी येऊन कोणी विचारत नाही. कागदावर करा, संगणकावर करा, मतदानाच्या एकवीस दिवस आधीपर्यंत केली की नाव छापील यादीत येते. घर बदलले की नोंद नवी. चार वर्षे मतच दिले नाही तर नाव निष्क्रिय होते, पुन्हा नोंदवावे लागते.

पुतण्याने सप्टेंबरात घर बदलले आणि काढणीच्या धांदलीत नोंद करायची राहिली. तो बिटाच्या यंत्रांच्या दुरुस्तीवर असतो, महिनाभर त्याला झोप नव्हती. एकवीस दिवसांची मुदत उलटली. मी मनात म्हटले, झाले, काकाच्या वळणावर गेला. पण मतदानाच्या सकाळी तो मला गाडीत घालून एका चर्चच्या सभागृहाशी घेऊन गेला. मी मतदार नव्हे, तेव्हा आत जायचा प्रश्न नव्हता. गाडीत कानटोपी ओढून बसलो. त्याच्या हातात गाडी चालवण्याचा परवाना, त्यावर जुना पत्ता, आणि नव्या घराचे विजेचे बिल. वीस-पंचवीस मिनिटांत बाहेर आला, छातीवर 'मी मत दिले' अशी लाल चिकटपट्टी. बोटाला शाई नाही म्हणून मला खरेच वाटेना.

मिनेसोटात मतदानाच्या दिवशी, मतदानाच्या जागी, तिथल्या तिथे नोंद करता येते. हा कायदा १९७३ चा, म्हणजे शेतकऱ्यांनी कारखाना घेतला त्याच वर्षाचा. १९७४ च्या निवडणुकीला पहिल्यांदा लागू झाला. परवाना आणि बिल नसेल तर? त्याच मतदान भागातला नोंदलेला मतदार शपथेवर सही करतो की हा माणूस इथेच राहतो, मी ओळखतो. एका मतदाराला आठ जणांपर्यंत असा हवाला देता येतो. खोटा दिला तर तुरुंग. मला माझे गुरुजी आठवले. त्यांना मी ठाऊक होतो, पण त्यांच्या ठाऊक असण्याला कायद्यात किंमत नव्हती.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. तिथे मतदान एका दिवसाचे नाही. मतदानाच्या सेहेचाळीस दिवस आधीपासून मत देता येते, पोस्टाने किंवा ठरलेल्या कचेरीत जाऊन, आणि २०१४ पासून त्याला कारणही सांगावे लागत नाही. म्हणजे सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून. काढणी एक ऑक्टोबरला. ट्रकवरचा ड्रायव्हर काढणी सुरू व्हायच्या आधी मत टाकून मोकळा होतो. दुसऱ्या राज्यातून काढणीला आलेला माणूसही बहुतेक राज्यांत आपल्या गावची मतपत्रिका पोस्टाने मागवू शकतो.

मतपत्रिका कागदी, गोल काळा करायचा, यंत्र मोजते. पण ती केवढी लांब! गव्हर्नर, राज्याचा महाधिवक्ता, हिशेब तपासनीस, दोन्ही सभागृहांचे आमदार, दिल्लीला जातो तसा वॉशिंग्टनला जाणारा खासदार, परगण्याचा पोलीस प्रमुख, न्यायाधीश, आणि शेवटी शेवटी माती-पाणी संवर्धन मंडळाचे सभासदसुद्धा मतावर. ताली आणि बंधाऱ्यांचा माणूस मतावर निवडायचा ही कल्पना मला आवडली. पोलीस प्रमुख मतावर निवडायची नाही आवडली.

नदीच्या पलीकडे तर आणखीच नवल. नॉर्थ डकोटात मतदार नोंदणीच नाही. १९५१ साली काढून टाकली. साऱ्या अमेरिकेत असे ते एकच राज्य. ओळखपत्र दाखवा, तीस दिवसांचे वास्तव्य असले की मत द्या. एका कारखान्याचे सभासद, एका नदीचे पाणी, आणि या काठाला एक कायदा, त्या काठाला दुसरा. प्रत्येक राज्याचे नियम निराळे. ही त्यांची पद्धत मला तरी बरी वाटली नाही. मिनेसोटात निवडणूक चालवणारा अधिकारी स्वतः पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेला असतो. आपला निवडणूक आयोग, घरोघर फिरणारे बीएलओ, दोन किलोमीटरच्या आत मतदान केंद्र, ही आपली पुण्याई आहे. आपण तिला नावे ठेवतो तरी आहे.

आणि नोंदणी नाही म्हणजे अडवणूक नाही असेही नव्हे. त्या ओळखपत्रावर राहत्या घराचा रस्ता आणि क्रमांक पाहिजे असा नियम नॉर्थ डकोटाने केला. तिथल्या मूळच्या आदिवासी लोकांच्या राखीव वस्त्यांत पुष्कळ घरांना क्रमांकच नाहीत. त्यांची पत्रे पोस्टातल्या पेटीत येतात. २०१८ च्या मध्यावधीच्या तोंडावर सर्वोच्च न्यायालयाने तो नियम थांबवायला नकार दिला. मग त्या जमातींच्या कचेऱ्यांनी घाईघाईने लोकांना पत्ते लावून नवी ओळखपत्रे दिली. पिढ्यान्‌पिढ्या त्याच मातीत राहणाऱ्याला विचारायचे, तुझा पत्ता काय.

त्याच २०१८ ला सबंध देशात निम्म्याच लोकांनी मत दिले, आणि ते मध्यावधीला शंभर वर्षांतले सर्वात जास्त म्हणून त्यांनी कौतुक केले. मिनेसोटात मात्र शंभरातल्या चौसष्टांनी दिले, देशात पहिला नंबर. माणसे तिथली जास्त जागरूक असतील, पण नोंदीचा दरवाजा शेवटच्या दिवसापर्यंत उघडा ठेवल्याचाही तो गुण आहे असे माझे मत आहे.

आता घरी येतो. २०२४ ची आपली विधानसभा २० नोव्हेंबरला झाली. दिवाळी होऊन गेलेली, टोळ्या गावाकडून निघालेल्या. माझ्या फडाला बीड जिल्ह्यातली टोळी होती, बारा कोयते. म्हणजे नवरा-बायको मिळून चोवीस मते, म्हातारी माणसे धरून सव्वीस. कोप्या घालून झाल्या होत्या. मी मुकादमाला सहज म्हटले, "मतदानाला जाणार का रे?" तो म्हणाला, "मालक, उमेदवाराची गाडी आली तर जाऊ. न्हाय तर दोन दिस मोडायचे, भाडं घालायचं, उचल कोण फेडणार?" मी यावर काय केले? काहीच नाही. उलट गाडी आली नाही तर बरे, तोड थांबणार नाही, असेच मनात आले. हे छापायला लाज वाटते, पण ज्या सभासदांना असे वाटले नाही त्यांनी हात वर करावा.

एक जीप आली, नऊ माणसे गेली, सतरा राहिली. त्या नऊ जणांनी कुणाला मत दिले हे मी विचारले नाही. ज्याच्या जीपमध्ये बसून माणूस जातो त्याच्या विरुद्ध मत देणे त्याला किती अवघड जात असेल याचा विचार करावा. उमेदवाराने मतदारांना गाडीने आणणे हा कायद्याने भ्रष्ट प्रकार आहे. पण ती गाडी सोडली तर या लोकांना मतदानाची दुसरी वाट आपण ठेवलेली नाही. कारखान्याने गाड्या द्याव्यात असे कोणी सुचवेल. मी सुचवणार नाही. आपल्या भागात कारखान्याचा चेअरमन आणि निवडणुकीतला उमेदवार किती वेळा एकच असतो हे आपण जाणतो.

मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टीचा कायदा आपल्याकडे १९९६ पासून आहे. पण टनावर काम करणाऱ्या कोयत्याला हजेरीपट नाही, मग पगारी सुट्टी कशाची? पोस्टाने मत सैनिकाला आहे, निवडणुकीच्या कामावरच्या गुरुजींना आहे, पंचाऐंशी वर्षांपुढच्या वृद्धांना आणि अपंगांना घरबसल्या आहे. स्थलांतरितांसाठी दूर अंतरावरून मत देण्याचे यंत्र आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केले. एका यंत्रावर बहात्तर मतदारसंघ चालतील असे सांगितले. जानेवारीत पक्षांची बैठक झाली, बऱ्याच पक्षांनी शंका काढल्या आणि ते तिथेच राहिले. शंका खोट्या असतील असे नाही. पण यंत्र नको तर नको, कागद आहे की. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम ६० असे सांगते की आयोग सरकारशी विचारविनिमय करून कुठल्याही वर्गाच्या लोकांना पोस्टाने मत देण्याची मुभा देऊ शकतो. नवा कायदा लागत नाही, एक अधिसूचना लागते. आणि आपल्या टोळ्यांची यादी तर कारखान्याच्या करारांत तयारच असते: मुकादमाचे नाव, गाव, तालुका, प्रत्येक कोयता.

दुसरे भय यादीचे. २०२५ साली बिहारात घरोघर पडताळणी झाली, तेव्हा कच्च्या यादीतून पासष्ट लाखांच्या आसपास नावे बाहेर राहिली. मयत होते, दुबार होते, तसे 'स्थलांतरित' म्हणून गेलेलेही होते. पुढे सर्वोच्च न्यायालयाने ती नावे कारणासकट जाहीर करायला लावली. आपल्याकडे अशी पडताळणी नोव्हेंबर ते एप्रिलच्या दरम्यान पडली तर बीड, जालना, पाथर्डी भागातल्या किती घरांना कुलूप असेल? हंगामापुरता बाहेर गेलेला माणूस गावचा रहिवासी राहतोच, असे कायदा स्पष्ट म्हणतो. पण कुलपाला कायदा वाचता येत नाही.

तेव्हा आपण करावे काय? स्वतःपुरते तर सोपे आहे. २०२२ पासून वर्षातून चार तारखा धरल्या जातात, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची पहिली. त्या तारखेला अठरा पूर्ण झालेल्या मुला-मुलींसाठी आणि नव्या सुनेसाठी फॉर्म सहा. सुनेचे माहेरच्या यादीत नाव असेल, घर बदलले असेल किंवा काही चुकले असेल तर फॉर्म आठ. वारलेल्याचे नाव फॉर्म सातने काढावे. शेअर्सवर वारस लावायला आपण विसरत नाही, तसेच हे. आणि लक्षात ठेवा, उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख उलटली की आपल्याकडे यादीत नवे नाव जात नाही. मिनेसोटासारखे विजेचे बिल घेऊन मतदानाला गेलात तर माझ्यासारखे चहा पिऊन परत याल.

टोळ्यांचे काम मात्र एकट्याने होणारे नाही. फडावरच्या कोप्यांत एक संध्याकाळ गट ऑफिसच्या माणसाने बसावे, गावाकडच्या यादीत कोणाचे नाव आहे, कोणाचे गेले ते मोबाईलवर पाहून द्यावे. दहा मिनिटांत एक कोयता होतो. मी गेल्या हंगामात माझ्या फडावर करून पाहिले, बारा कोयत्यांत पाच नावे गेलेली निघाली. त्यांतल्या दोन बायका लग्न होऊन आल्यापासून कुठल्याच यादीत नव्हत्या.

आणि अधिसूचनेसाठी या वर्षीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ठराव मांडायचे मी ठरवले आहे: 'ऊसतोडणी कामगारांना कलम ६० खाली पोस्टाने मतदानाची सवलत मिळावी अशी ही सभा निवडणूक आयोगास विनंती करते.' कच्चा मसुदा मी सेक्रेटरी साहेबांकडे दिला आहे. सूचक मी आहे, अनुमोदक पाहिजे. ज्याच्या फडावर परजिल्ह्यातली टोळी असते अशा सभासदाने सभेच्या आठ दिवस आधी कचेरीत येऊन सही करावी.

आपला,
एक सभासद